रोषणाई लावली की एक्स्टेंशन तापत होतं, उपाय सापडला

ऐरोलीतल्या आमच्या रो-हाऊसवर दिवाळीचा कंदील, एलईडी माळा आणि दोन हॅलोजन लावले की तासाभरात एक्स्टेंशनची रीळ चटका देई. पिनांजवळचं प्लास्टिक पिवळं पडलं होतं. माळा बदलल्या, पॉइंट बदलला, फरक शून्य. ऐन सणात जीव टांगणीला लागला होता.

आधी सगळ्या दिव्यांचे वॅट जोडले. ५०० चे दोन हॅलोजन धरून हजाराच्या वर, म्हणजे २३० व्होल्टवर साधारण ४.५ अँपिअर. जुन्या वायरवर जाडी छापलेलीच नव्हती. मग तीन कोरची (आत तीन वेगळ्या तारा असलेली), १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणली, वर आयएस ६९४ (वायरचं भारतीय मानक) आणि आयएसआय मार्क छापलेला बघूनच. इलेक्ट्रिशियनकडून तिला अर्थिंगसकट तीन पिनांचा प्लग आणि बोर्ड जोडून घेतला. वायर पूर्ण उलगडली, कारण गुंडाळलेल्या वायरची उष्णता आतच कोंडते. हे फार महत्त्वाचं आहे, माळ छोटी असली तरी. बोर्ड फरशीवरून उचलून छज्जाखाली बांधला, दवापासून लांब. प्लग ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असलेल्या पॉइंटला लावला.

तासाभराने स्विच बंद करून प्लग काढून पाहिला, गार होता. हॅलोजनच्या जागी ५० वॅटचे एलईडी फ्लडलाइट लावले तर त्यांचा भार दहापट उतरतो. जमलं तर तेच घ्या.