नवख्या पोट्ट्याला हवाई लढाई शिकवताना

वॉर थंडर हा ऑनलाइन लढाईचा खेळ चार-पाच वर्षं खेळलेल्या माणसाकडे नवखा सोपवला, की पहिल्याच संध्याकाळी तो सगळं ओतून मोकळा होतो. ट्रिम, एनर्जी, डिफ्लेक्शन, इंजिनाचं तापमान, काहीच राहत नाही. समोरचा पोट्टा "हो भाऊ, हो भाऊ" म्हणत राहतो आणि पुढच्या लढाईत विमान झाडात घालतो. आपल्याकडे मोठ्यांसमोर "समजलं नाही" असं सहसा कोणी म्हणत नाही. म्हणून "समजलं का?" हे विचारूच नका, "करून दाखव" म्हणा. एका बैठकीत एकच गोष्ट घ्या आणि चाळीस मिनिटांत उठा. त्यानंतर हात थकतो, लक्ष उडतं आणि चुकीची सवय मुरते.

आधी लाइन आणि नेट बघा. घराची लाइन शेतपंपांच्याच डीपीवरून असेल, तर रब्बीत ओलिताच्या वेळी व्होल्टेज पडतं आणि डेस्कटॉप मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. पंपांची पाळी कधी आहे ते विचारून बैठकीची वेळ ठरवा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच खेळायला सांगा, नुसत्या बॅटरीवर त्याची ताकद कमी होते. राउटर इन्व्हर्टरवर हवा, नाहीतर लाइन गेली की लॅपटॉप चालू आणि नेट बंद. मोबाइलचं नेट वापरायचं तर वायफाय हॉटस्पॉटपेक्षा यूएसबी केबल बरी. टिनाच्या घरात फोन खिडकीत ठेवायला सांगा, कारण पत्रा सिग्नल अडवतो. खेळाला डेटा फार लागत नाही, डिस्कॉर्ड या अ‍ॅपवरचं बोलणंही तासाला ३० एमबीच्या आसपास जातं. डेटा खातात ती अपडेट्स. विंडोजमध्ये ते कनेक्शन 'मीटर्ड' करून ठेवलं की लढाईच्या मधोमध डाउनलोड सुरू होत नाही. एप्रिल-मे मध्ये लॅपटॉप गादीवर अजिबात नको, लाकडी पाटावर ठेवा. फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) ६० वर बांधून टाका आणि पंख्यातली धूळ काढा. तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. पोट्ट्याला वाटतं नेट खराब आहे, आणि तो भलतंच दुरुस्त करत बसतो.

विमान त्याच्या पायरीचं घ्या

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. स्क्वॉडचं, म्हणजे सोबत खेळणाऱ्यांच्या टोळीचं, बॅटल रेटिंग (लढाईची पायरी सांगणारा आकडा) सगळ्यात वरच्या विमानावरून ठरतं. तुम्ही ५.० चं विमान घेऊन बसलात तर १.० वाला पोट्टाही त्याच लढाईत ओढला जातो आणि दोन मिनिटांत पडतो. तुम्हीच खाली उतरा. दोघंही हाइन्केल ५१ किंवा आय-१५ सारखी एकावर एक दोन पंखांची विमानं (बायप्लेन) घ्या. ती हळू उडतात, वळतात छान आणि चूक झाली तरी सावरायला वेळ देतात. पहिल्या बैठका टेस्ट फ्लाइट (एकट्याचा सराव) आणि कस्टम बॅटलमध्येच (आपण मांडलेली लढाई) काढा.

माउसनं उडवताना गेमचा इन्स्ट्रक्टर, म्हणजे आपोआप चालणारी मदत, बरंच सावरून घेतो. सुरुवातीला तेच ठीक. सिम्युलेटर मोडला, म्हणजे खऱ्यासारखं उडवायला, जायचं ठरलं की मग जॉयस्टिक घ्या, आणि दांडा फिरवून रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची पाटी) देता येईल अशीच घ्या. डेडझोन, म्हणजे दांडा हलला तरी विमान दाद देत नाही तेवढी मोकळी जागा, ३ ते ५ टक्के पुरे. दांडा हातात नसतानाही नाक एकीकडे सरकत असेल तरच तो वाढवा.

धावपट्टीवर बहुतेक पोट्टे थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर, एकदम पूर्ण उघडतात आणि विमान गर्रकन डावीकडे वळून पंखावर पडतं. मर्लिन इंजिनाचं स्पिटफायर किंवा मेसरश्मिट १०९ जोर लावताना डावीकडे ओढतं, म्हणून उजवा रडर लागतो. ग्रिफन इंजिनाच्या स्पिटफायरचा प्रोपेलर उलटा फिरतो, तिथे डावा. थ्रॉटल सात-आठ सेकंदांत हळूहळू चढवायला लावा. दांडा आधी मागे ओढून शेपटीचं चाक दाबून ठेवायचं, वेग आला की सैल सोडायचा. नाक वळल्यावर रडर देऊन उपयोग नाही, वळू लागायच्या आतच द्यायचा. असं दहा वेळा करू द्या. सलग तीनदा सरळ सुटला की पुढचा धडा.

मागे उडायला शिकवा

पहिला खरा धडा सोबत राहण्याचा. तुम्ही पुढे, तो मागे उजवीकडे, सुमारे २०० मीटरवर. इथे चूक शिकवणाऱ्याकडूनच होते, तो स्वतः पूर्ण थ्रॉटलवर उडतो. मग मागच्याकडे शिल्लक जोरच उरत नाही. एकदा मागे पडला की त्याला गाठता येत नाही. तुम्ही ८० टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. वळायच्या आधी सांगा. बाहेरच्या बाजूच्या विमानाला लांबचा रस्ता असतो, म्हणून त्याला थोडं वर जाऊन आत उतरायला शिकवा.

हे जमलं की बाजू बदला. आता तो पुढे, तुम्ही मागे. त्याच्या मागे कोणी लागलं तर तुम्ही बघाल, एवढी खात्री द्या आणि निर्णय त्याला घेऊ द्या. त्यानं निवडलेली शिकार चुकीची असली तरी जा सोबत. शत्रूची विमानं तुम्हीच पाडत राहिलात तर लढाई जिंकाल, पण पोट्टा प्रेक्षक होईल.

बोलणं आखून घ्या. आधी नाव, मग हुकूम, मग माहिती.

"अरे अरे, मागे बघ, मागे आला!" यातून कोणाच्या मागे आला ते कळत नाही, आणि दोघंही वळतात.

"गोलू, ब्रेक डावीकडे. एक जण, तुझ्या सहा वाजता, वर." 'ब्रेक' म्हणजे जोरात वळ, 'सहा वाजता' म्हणजे बरोबर मागे. यातला पहिला शब्द कानावर पडताच बाकीचे गप्प होतात आणि दुसऱ्या शब्दाला गोलूचा हात हलतो.

घड्याळाचे काटे नेहमी ऐकणाऱ्याच्या विमानावरून द्या, तुमच्या नव्हे. माइक बटण दाबूनच चालू होईल असा ठेवा. कूलरचा आवाज आणि आंगणातली गडबड सतत कानात असली तर कामाची हाक त्यात हरवते. लढाई सुरू असताना उपदेश नको. चूक दिसली तर वहीत मिनिट लिहून ठेवा.

गोळी

नवखा ८०० मीटरवरून गोळ्या सोडतो आणि थेट विमानावर नेम धरतो. त्याला हिशोब मांडून दाखवा. गोळी सेकंदाला साधारण ८०० मीटर जाते, म्हणजे ३०० मीटर कापायला तिला ०.४ सेकंद धरा. समोरून आडवं जाणारं विमान ताशी ४०० किमीवर असेल तर ते सेकंदाला १११ मीटर सरकतं. तेवढ्या वेळात ते ४४ मीटर पुढे गेलेलं असतं. मेसरश्मिट १०९ ची लांबी नऊ मीटर. म्हणजे नेम जवळपास पाच विमानं पुढे. हा आकडा एकदा कागदावर पाहिला की मुलाचा हात आपोआप पुढे सरकतो. पाठीमागून धरलं तर पुढे धरण्याची गरज फार कमी, म्हणून सुरुवात मागूनच करू द्या.

बंदुकांचा मेळ, म्हणजे दोन्ही पंखांतल्या गोळ्या एकत्र येतात ती जागा, ३०० मीटरवर लावा आणि त्याच्या आतच गोळी सोडायला सांगा. बटण एका सेकंदापेक्षा जास्त दाबायचं नाही. १०९ एफ-४ च्या २० मिमी तोफेत २०० गोळ्या असतात, सलग दाबून धरलं तर १६-१७ सेकंदांत संपतात.

स्टॉल (पंखांची उचल सुटून विमान पडणं) आणि स्पिन (पडताना गिरक्या खाणं) मात्र फुरसतीनं शिकवा. फुल रिअल कंट्रोल (इन्स्ट्रक्टरची मदत बंद) लावून ३,००० मीटरवर न्या आणि मुद्दाम पाडायला लावा. विमान वेग कमी झाल्यानं पडतं असं बहुतेकांना वाटतं. पडतं ते पंख हवेला फार तिरके झाल्यावर, आणि जोरात ओढलं तर भरपूर वेगातही पडतं. सुटका अशी: थ्रॉटल बंद, दांडा आडव्या दिशेनं मध्यावर, फिरण्याच्या उलट पूर्ण रडर, मग दांडा पुढे. गिरकी थांबली की रडर लगेच मध्यावर, नाहीतर उलट्या बाजूनं गिरकी सुरू होते. मग हळूच वर ओढा. घाईनं ओढणारा दुसऱ्यांदा पडतो, आणि तोवर खाली जमीन आलेली असते.

दोघांचा ताळमेळ बसला की थॅच वीव्ह हा जोडीचा डाव घ्या. अमेरिकन नौदलाच्या जॉन थॅच यांनी हा डाव जपानी झीरो लढाऊ विमानांविरुद्ध आगपेटीच्या काड्या टेबलावर मांडून जुळवला आणि जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत वापरला. त्यांची वाइल्डकॅट विमानं वळण्यात झीरोपेक्षा कमी पडत होती, म्हणून एकट्यानं वळत बसण्यात हार होती. तुम्हीही माचिसच्या तीन काड्या ठेवा. दोन शेजारी, मध्ये वळायला पुरेल एवढी जागा. तिसरी एकीच्या मागे लावा. आता दोन्ही मित्रांच्या काड्या एकमेकींकडे वळवा. पाठलाग करणारी काडी दुसरीच्या तोंडासमोरून जाते. हे पोट्ट्यालाच हातानं फिरवू द्या. मग हवेत एक शत्रू तुम्ही व्हा, आणि तिसरा गडी पोट्ट्याच्या जोडीला द्या. बहुतेक जण उशिरा वळतात. शत्रू ५०० मीटरवर येईपर्यंत थांबले तर डाव जुळत नाही, ८०० च्या आसपास हाक जायला हवी.

शेवटी रिप्ले उघडा. संपूर्ण लढाई पाहू नका, पोट्टा पडला त्याच्या वीस सेकंद आधी थांबवा. "इथे तुला काय दिसत होतं?" एवढंच विचारा. बऱ्याचदा तो मान वळवून मागे बघितलंच नव्हतं हे स्वतःच सांगतो. वहीत तारीख आणि ती एक चूक लिहा. पुढच्या बैठकीची पहिली पाच मिनिटं त्याच चुकीच्या सरावाची.