गार पाण्याने दाढ शिवशिवायची, ती अशी थांबली

दाढ किडलेली नव्हती. कडक ब्रशने आडवं, जोर लावून घासल्याने हिरडीलगत नखाला लागेल अशी खाच पडली होती. मऊ ब्रश घेतला. तो हिरडीशी ४५ अंशांत तिरका धरून हलक्या हाताने दोन मिनिटं. पेस्ट ५ टक्के पोटॅशियम नायट्रेटची, म्हणजे दाताची कळ शमवणाऱ्या औषधाची. घासल्यावर नुसतं थुंकायचं, खळखळून चूळ भरली की औषध धुऊन जातं. लिंबू सरबत किंवा कोकम प्यायल्यावर अर्धा तास ब्रश नको. तिसऱ्या आठवड्यात कळ थांबली. बरेच जण आठवड्यातच कंटाळून सोडतात, तिथेच चुकतं. खाच खोल असेल तर दाताच्या रंगाचं फिलिंग करून घ्यावं. गरम चहाने उठलेला ठणका मिनिटभर टिकत असेल, तर मात्र पेस्टवर विसंबू नका, बहुधा आतली नस सुजलेली असते. लगेच डॉक्टरांना दाखवा.