किशोरवयीन मुलांच्या औषधांसाठी खेळ वापरताय? या चुका टाळा

टाइप १ मधुमेह असो, दमा असो की अपस्मार, मूल तेरा-चौदा वर्षांचं झालं की घरात एक संवाद रोजचा होतो. "घेतलीस का गोळी?" "हो, घेतली." आणि महिनाअखेरीस पाकिटात गोळ्या शिल्लक निघतात. मग कुणीतरी अ‍ॅप सुचवतं: डोस घेतला की पॉइंट. पहिले काही दिवस मजेत जातात, पुढे ते अ‍ॅप कुणी उघडतही नाही. अशा वेळी मुलावर चिडण्याआधी खेळाची मांडणी तपासा. बहुतेकदा गडबड तिथेच सापडते.

आकड्याला बक्षीस देणं

"शुगर १८० च्या आत आली तर ५० पॉइंट." माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते. वयात येताना शरीरात ग्रोथ हार्मोन वाढतं आणि त्यामुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. म्हणजे इंजेक्शन वेळेवर, जेवण मोजून, सगळं नीट केलं तरी सकाळी शुगर चढलेली असू शकते. त्या दिवशी मुलाच्या खात्यात शून्य पडतं. मेहनत करून काही उपयोग नाही, हे तर ते शिकतंच. वाईट आकडा लपवलेला बरा, हेही शिकतं. मग तपासणी टळते, किंवा डायरीत मनचे आकडे येतात आणि डॉक्टर त्यावरून डोस ठरवतात.

गुण द्यायचे ते जे मुलाच्या हातात आहे त्याला: तपासलं, नोंदवलं, शुगर वाढलेली दिसल्यावर ठरलेली गोष्ट केली. टोरंटोत टाइप १ मधुमेह असलेल्या १२ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी 'बँट' नावाचं अ‍ॅप तयार झालं, त्यात बक्षीस तपासणीला होतं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या १२ आठवड्यांच्या छोट्या चाचणीत मुलं दिवसाला सरासरी २.४ ऐवजी ३.६ वेळा शुगर तपासू लागली. चाचणी लहान होती, त्यामुळे तिच्यावर फार मोठे दावे उभे करू नयेत. पण बक्षीस कशाला द्यायचं, हे त्यांनी अचूक हेरलं होतं.

पॉइंट म्हणजेच खेळ, असं समजणं

या विषयातला सगळ्यात गाजलेला खेळ म्हणजे २००६ साली 'होपलॅब' या अमेरिकन संस्थेने आणलेला 'री-मिशन'. कर्करोग झालेल्या तरुणांसाठी तो बनवला होता. रॉक्सी नावाची सूक्ष्म यंत्रमानव मुलगी रुग्णाच्या शरीरात शिरते आणि कर्करोगाच्या पेशींशी लढते. एका प्रसंगात रुग्ण केमोच्या गोळ्या बुडवतो आणि रॉक्सीचं शस्त्र ऐन वेळी दगा देतं. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या ३४ केंद्रांवर १३ ते २९ वर्षांच्या ३७५ रुग्णांवर याची चाचणी झाली; निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. नेहमीचा व्हिडिओ गेम मिळालेल्या गटापेक्षा री-मिशनच्या गटाने औषधं जास्त नियमित घेतली. आजाराची समज आणि 'हे मला जमेल' हा विश्वासही त्यांच्यात अधिक वाढला.

इथे घरच्या गोळ्यांवर कुणी गुण ठेवले नव्हते. बरं वाटत असतानाही गोळी का घ्यायची, हे त्या मुलांना खेळता खेळता दिसलं. दम्याच्या मुलालाही नेमकं हेच कळत नाही. आराम देणारा पंप लगेच काम करतो, म्हणून तो आवडतो. रोजचा स्टिरॉइडचा पंप श्वासनलिकांची सूज हळूहळू उतरवतो, त्यामुळे तो निरुपयोगी वाटतो. हा फरक दाखवणारा साधा खेळ शंभर बॅजेसपेक्षा मोलाचा.

न तुटणारी साखळी

सलग ४० दिवसांची स्ट्रीक एका सहलीत तुटते आणि मूल सगळंच सोडून देतं. चुकलेल्या दिवसांसाठी महिन्याला दोन-तीन 'जोकर' ठेवा, किंवा सलग दिवसांऐवजी महिन्यातले एकूण दिवस मोजा. साखळी वाचवायला दोन डोस एकदम घ्यायचे नाहीत, हे आधीच स्पष्ट सांगा. डोस चुकला तर काय करायचं, हे प्रत्येक औषधाचं वेगळं असतं. ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

'घेतली' या खुणेवर विसंबणं

अ‍ॅपमध्ये खूण केली म्हणजे डोस घेतलाच, असं नाही. दीर्घकाळ वेदना असलेल्या प्रौढांचा २००२ मधला एक अभ्यास आहे. त्यांच्या कागदी डायऱ्यांत कुणाला न कळता प्रकाश ओळखणारे सेन्सर बसवले होते. कागदावर ९० टक्के नोंदी वेळेवर झालेल्या दिसत होत्या. प्रत्यक्षात वेळेवरच्या नोंदी होत्या ११ टक्के. मोठ्यांची ही गत, तर मुलांकडून काय अपेक्षा करायची? शिल्लक गोळ्या किंवा पंपावरचा काउंटर अधूनमधून मुलासोबत बसून पाहा. पाठीमागे तपासलंत तर विश्वास गेलाच म्हणून समजा.

छोट्या पण महागात पडणाऱ्या चुका

भावंडांत किंवा वर्गमित्रांत गुणांची चढाओढ लावू नका. आजार कुणाला सांगायचा, हे मुलाने ठरवायचं. अपस्मार असेल तर लखलखणारी दृश्यं असलेला खेळ देण्याआधी डॉक्टरांना विचारा, काही मुलांना त्यानेच झटका येतो.

आणि एवढं करूनही डोस चुकत असतील तर नवीन अ‍ॅप शोधू नका. नेमका कोणता डोस चुकतो, ते विचारा. दुपारचाच चुकत असेल तर वर्गात सगळ्यांसमोर घ्यायची लाज असेल. स्टिरॉइडने चेहरा सुजला असेल, गोळीने मळमळत असेल, किंवा मूल आतून खचलं असेल. उत्तर मिळालं की ते घेऊन डॉक्टरांकडे जा. दुपारचा डोस सकाळ-संध्याकाळवर नेता येईल का, हे तिथे मुलालाच विचारू द्या.