एसएसएचवरून फाइल हळू जातेय? या चुका टाळा

एसएसएच म्हणजे दूरच्या संगणकाशी एन्क्रिप्ट करून जोडणारी सोय. तिचा वेग पडला की नवख्यांचा पहिला संशय एन्क्रिप्शनवर. मग सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत) बदलण्याचा खेळ सुरू.

गेल्या लग्नसराईत इंदुरात, रामबागेतल्या आमच्या छोट्याशा ऑफिसात, एका फोटोग्राफरचे ३०० जीबी फोटो शेजारच्याच सर्व्हरवर टाकायचे होते. वेग सेकंदाला ११ एमबी. म्हणजे साडेसात तास! शिकायला आलेला पोरगा संध्याकाळपासून झटत होता. "काका, एईएस लावलं, चाचा२० लावलं, काही फरक नाही." (चाचा२० म्हटलं की इंदुरात सगळे हसतात.)

अरे, फरक नाही हेच तर उत्तर! सायफर बदलून आकडा तसूभरही हलत नसेल, तर घोडं दुसरीकडे अडलंय. आणि ११ हा आकडा १०० मेगाबिटच्या लिंकचा. १०० मेगाबिटला ८ने भागा (८ बिटांचा एक बाइट): साडेबारा एमबी. वरखर्च वजा जाता ११-१२ उरतात. इथटूल (नेटवर्क कार्डाची माहिती दाखवणारी आज्ञा) चालवलं तर लिंक १००वर, कार्डं मात्र दोन्हीकडे गिगाबिटची. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १००ला दोनच पुरतात. प्लग ट्यूबलाइटसमोर धरला, तर तपकिरी तार टोकापर्यंत पोहोचलीच नव्हती. अशा वेळी लिंक बहुतेकदा तुटत नाही, मुकाट १००वर उतरते, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. केबल बदलली, वेग ११०वर गेला, पाऊण तासात काम आटोपलं. तेव्हापासून मी आधी केबल बघतो, मग कीबोर्डला हात लावतो.

दुसरा माझा लाडका वैताग: हजारो बारक्या फाइली एससीपीने (एसएसएचवरून कॉपी करणारी आज्ञा) एकेक पाठवणं. प्रत्येक फाइल उघडा, लिहा, बंद करा, दर वेळी पलीकडच्या उत्तराची वाट बघा. दूरच्या सर्व्हरला एक फेरी ३० मिलिसेकंदांची आणि फाइलमागे तीन फेऱ्या धरा. ४०,००० फाइलींना नुसत्या वाट बघण्यात एक तास जातो. मी सरळ टारने सगळ्या फाइलींची एकच मोळी बांधून तिचा प्रवाह एसएसएचमधून सोडतो आणि पलीकडे उलगडतो. रोजचंच काम असेल तर आरसिंक, ते फक्त बदललेलं पाठवतं. "एवढं कोण टाइप करणार?" म्हणणाऱ्यांनी खुशाल तासभर बसावं.

जेपीईजी किंवा व्हिडिओला कॉम्प्रेशन लावू नका, ते आधीच दाबलेले असतात.

लॉगिनला वेळ लागणं हा वेगळा आजार. तिथे डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा) तपासा.

वायफायवर वेग मोजून सर्व्हरला शिव्या देऊ नका. आधी आयपर्फने नुसतं नेटवर्क मोजा.

सायफर खरंच आड येतो तो जुन्या, अशक्त प्रोसेसरवर: कॉपी चालू असताना टॉप (कोण किती प्रोसेसर खातोय ते दाखवणारी आज्ञा) उघडा, एसएसएच एक कोर पूर्ण खात असेल तरच तिकडे वळा. एईएसची हार्डवेअर सोय नसेल तर चाचा२० बरा, असेल तर एईएस-जीसीएम. "आर्कफोर लावा" हा जुन्या, कमकुवत सायफरचा सल्ला मात्र अजून फिरतोय. ओपनएसएसएचने (एसएसएचचा नेहमीचा प्रोग्रॅम) तो सायफर २०१७मध्येच काढून टाकला. परवा त्याच पोराने तो कुठून तरी कॉन्फिगमध्ये चिकटवला आणि कनेक्शनच होईना म्हणून मला पोह्यांवरून उठवलं.