स्पितीचा बेत आखताना या चुका टाळा

मे महिन्याच्या सुट्टीत मनालीमार्गे स्पितीला जायचे, वाटेत चंद्रताल सरोवराजवळ एक रात्र तंबूत काढायची आणि आठवडाभरात घरी परतायचे, असा बेत मुंबई-पुण्याकडील अनेक घरांत आखला जातो. या बेतातला महिना चुकीचा आहे, दिशा चुकीची आहे आणि दिवसही अपुरे आहेत. स्पितीत गेल्यावर प्रवाशांना ज्या अडचणी येतात, त्यांतील बहुतेकांचे मूळ या तीन निर्णयांत असते, आणि ते निर्णय घरी बसून, विमानाचे तिकीट काढतानाच घेतले गेलेले असतात. कोणता मठ पाहायचा आणि कोणते गाव वगळायचे, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

सुट्टीची तारीख आणि खिंडीची तारीख

हिमाचल प्रदेशातील लाहौल-स्पिती जिल्ह्यातल्या या खोऱ्यात जाण्याचे दोन रस्ते आहेत. एक रस्ता शिमला, रामपूर आणि किन्नौरमार्गे आधी सतलजच्या व नंतर स्पिती नदीच्या काठाने स्पितीचे मुख्य गाव काझा येथे पोहोचतो. दुसरा रस्ता मनालीहून अटल बोगदा, ग्रांफू आणि बातल करत सुमारे 4,550 मीटर उंचीची कुंझुम खिंड ओलांडतो आणि लोसरमार्गे काझाला येतो. पहिला रस्ता, दरडी आणि हिमवृष्टीमुळे मध्येच येणारे अडथळे सोडले तर, जवळजवळ वर्षभर चालू असतो. कुंझुम मात्र हिवाळ्यात बर्फाखाली जाते आणि त्या वर्षी बर्फ किती पडला आहे त्यानुसार साधारणतः मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत केव्हातरी उघडते.

येथे एक गैरसमज हमखास आढळतो. 3 ऑक्टोबर 2020 रोजी सुमारे 9 किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाल्यापासून मनाली-काझा रस्ता बारमाही झाला, असे अनेकांना वाटते. हा बोगदा रोहतांग खिंड टाळतो, कुंझुम टाळत नाही. त्यामुळे मेच्या पहिल्या पंधरवड्यात जाणाऱ्या कुटुंबाने चंद्रताल आणि मनालीची वाट यादीतून काढून टाकावी आणि किन्नौरमार्गेच जाऊन किन्नौरमार्गेच परत यावे. तेवढ्यातही ताबो, धनकर, ‘की’ गाव, किब्बर आणि लांग्झा ही ठिकाणे पाहता येतात, आणि मेमधले बर्फाळ डोंगर जुलैपेक्षा कितीतरी देखणे असतात.

दिवाळीच्या सुट्टीचेही तसेच आहे. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात कुंझुमवर कोणत्याही दिवशी बर्फ पडू शकतो, रात्रीचे तापमान शून्याखाली जाते, नळांतले पाणी गोठू लागते आणि चंद्रतालकडचे तंबू त्याआधीच उठलेले असतात. दिवाळी लवकर आली असेल तर किन्नौरमार्गे जरूर जावे, पण एका रस्त्याने जाऊन दुसऱ्याने परतण्याच्या गोल फेरीचा हट्ट धरू नये.

जुलै-ऑगस्टविषयी बोलताना स्पिती पर्जन्यछायेत येते, असा दिलासा दिला जातो. तो खोऱ्यापुरता बव्हंशी खरा असला, तरी खोऱ्यापर्यंत नेणारे रस्ते पर्जन्यछायेत येत नाहीत. 11 ऑगस्ट 2021 रोजी किन्नौरमध्ये निगुलसरीजवळ राष्ट्रीय महामार्गावर दरड कोसळून 28 जणांचा मृत्यू झाला. जुलै 2023 मध्ये अतिवृष्टीबरोबर कुंझुमच्या परिसरात अवेळी बर्फ पडले आणि चंद्रतालजवळ अडकलेल्या अडीचशेहून अधिक पर्यटकांना, खिंडीतला बर्फ हटवून, काही दिवसांनी बाहेर काढावे लागले. ज्यांना तारीख निवडण्याची मोकळीक आहे त्यांनी सप्टेंबर निवडावा. पाऊस ओसरलेला असतो, दोन्ही रस्ते सहसा उघडे असतात, ओढ्यांचे पाणी उतरलेले असते आणि शेतांवर पिवळा रंग चढू लागतो. गणपतीच्या सुट्टीला चार दिवसांची रजा जोडणाऱ्यांना हा महिना विशेष सोयीचा पडतो.

मनालीहून सुरुवात करण्याची घाई

सर्वांत धोक्याची चूक ही आहे, आणि म्हणून तिच्यावर अधिक वेळ घालवणे योग्य ठरेल.

मनाली सुमारे 2,050 मीटरवर आहे आणि चंद्रताल सुमारे 4,250 मीटरवर. सकाळी मनालीहून निघून संध्याकाळी चंद्रतालच्या तंबूत झोपणारा माणूस एका दिवसात झोपण्याची उंची सुमारे 2,200 मीटरने वाढवतो. उंचीच्या आजाराविषयीचे वैद्यकीय मार्गदर्शन असे सांगते, की 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात सुमारे 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच उंचीवर वाढवावा. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई 1,646 मीटर उंच आहे, म्हणजे मनाली गावच त्याहून उंच आहे. सह्याद्रीत दर शनिवार-रविवारी गड चढणाऱ्यांच्या पायांत ताकद असते, पण ती विरळ हवेपासून संरक्षण देत नाही. उलट, तंदुरुस्त तरुण पहिल्या दिवसापासून धावपळ करतात आणि डोके दुखू लागले तरी सांगत नाहीत.

उपाय सोपा आहे: किन्नौरकडून चढावे आणि मनालीकडे उतरावे. चंदीगडहून निघाल्यावर पहिला मुक्काम नारकंडा, रामपूर किंवा सराहनला, नंतर सांगला किंवा सुमारे 2,960 मीटरवरच्या कल्पाला, पुढे ताबोला आणि मग काझाला, अशी चढण शरीराला मानवते. कल्पानंतर नाकोला थांबायचे की ताबोला, याचा निर्णय बहुतेक जण अंतर पाहून घेतात आणि जवळचे म्हणून नाको निवडतात. नाको सुमारे 3,660 मीटरवर आहे, तर त्याच्याही पुढे असलेले ताबो सुमारे 3,280 मीटरवर. कल्पाहून ताबोचा दिवस मोठा होतो हे खरे, पण रात्रीची उंची तीनशे-सव्वातीनशे मीटरनेच वाढते. नाकोचे तळे वाटेत दुपारच्या जेवणाला पाहून घ्यावे आणि झोपायला ताबोला यावे. इसवी सन 996 मध्ये स्थापन झालेला तेथील मठ, मातीच्या भिंती आणि आतली अंधुक उजेडातली भित्तिचित्रे, घाईने उरकण्याजोगा नाही, त्यामुळे त्या मुक्कामाचा दुहेरी लाभ होतो.

काझा सुमारे 3,700 मीटरवर आहे. तेथे पोहोचल्याच्या दिवशी की, किब्बर, लांग्झा, हिक्किम आणि कॉमिक हे सगळे उरकण्याचा मोह टाळावा. ही सारी ठिकाणे 4,100 ते 4,600 मीटरच्या दरम्यान आहेत. दिवसा तेथे जाऊन रात्री काझाला परतणे शरीरासाठी चांगलेच असते, मात्र एक रात्र काझात विश्रांती झाल्यानंतर. लांग्झा किंवा कॉमिकला मुक्कामच करायचा असेल, तर तो काझातल्या दोन रात्रींनंतर ठेवावा.

डोके दुखू लागल्यास

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणे, झोप न येणे, गळून गेल्यासारखे वाटणे ही उंचीच्या आजाराची पहिली लक्षणे आहेत. अशा वेळी त्याच उंचीवर थांबावे, पाणी प्यावे, मद्य आणि झोपेच्या गोळ्या पूर्णपणे टाळाव्यात आणि लक्षणे जाईपर्यंत आणखी वर चढू नये. तोल जाणे, बोलण्यात गोंधळ होणे, स्वस्थ बसलेले असतानाही दम लागणे किंवा खोकल्यातून फेस येणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता खाली उतरण्याची व्यवस्था करावी आणि वैद्यकीय मदत मिळवावी, कारण ही मेंदूला किंवा फुफ्फुसांना सूज आल्याची लक्षणे असू शकतात.

स्पितीत खाली उतरणे वाटते तितके सोपे नाही, हे आधीच ध्यानात ठेवायला हवे. काझात सरकारी रुग्णालय आहे. पण चंद्रतालच्या छावणीहून रात्री निघायचे म्हटले, तर अरुंद, कच्च्या आणि कड्यालगतच्या रस्त्यावर गाडी घालावी लागते. म्हणूनच चंद्रतालचा मुक्काम प्रवासाच्या शेवटी, शरीर पूर्ण सरावल्यानंतरच ठेवावा. ज्याला आदल्या दिवसापासून बरे वाटत नाही, त्याने तो सोडून द्यावा.

बोटाला लावायचे ऑक्सिमीटर जवळ असणे चांगले, पण त्यावरील आकड्याने घाबरून जाऊ नये. या उंचीवर निरोगी माणसाचा आकडाही 90च्या खाली दिसू शकतो, म्हणून आकड्याबरोबर लक्षणे पाहावीत. बाजारात मिळणारा ऑक्सिजनचा छोटा डबा काही मिनिटांत संपतो. तो बरोबर आहे म्हणून उतरण्यास उशीर करणे जिवावर बेतू शकते. अॅसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, घ्यायची की नाही हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. सल्फा औषधांची अॅलर्जी, मूत्रपिंडाचे विकार किंवा गरोदरपण असल्यास ते आवर्जून सांगावे. आजी-आजोबा बरोबर येणार असतील, तर त्यांच्या रक्तदाबाच्या व हृदयाच्या औषधांबाबतही तेव्हाच बोलून घ्यावे.

किलोमीटर मोजून दिवस आखणे

ग्रांफू ते बातल हे अंतर सुमारे 50 किलोमीटर आहे, आणि त्याला तीन तास किंवा अधिक लागू शकतात. रस्त्याच्या रुंदीकरणाची कामे चालू असली, तरी या टप्प्याचा मोठा भाग खडी, गोटे आणि वाहत्या पाण्याचा आहे. सकाळी गोट्यांवरून घोटाभर वाहणारा ओढा दुपारी, ऊन चढून वरचा बर्फ वितळू लागला की, चाके बुडवण्याइतका वाढतो. त्याच्या तळाचे दगड रोज हलतात, त्यामुळे काल जिथून गाडी गेली तिथून आजही जाईल असे सांगता येत नाही. हा टप्पा कोणत्याही दिशेने पार करायचा असो, पहाटे निघावे आणि दुपारपूर्वी शेवटचा मोठा ओढा ओलांडावा. उशीर झालाच आणि पाणी वाढलेले दिसले, तर समोरून येणारी एखादी गाडी पार होईपर्यंत थांबावे. स्थानिक ड्रायव्हर नको म्हणत असेल तर त्याचे ऐकावे, आणि बातल किंवा छत्रूच्या ढाब्यावर रात्र काढण्याची तयारी ठेवावी.

दिवसांचा हिशेब मांडताना घरापासून घरापर्यंत अकरा-बारा दिवस धरावेत. ‘मनाली ते मनाली, सहा दिवस’ अशी आखणी स्वस्त दिसते, कारण तिच्यात शरीर सरावण्याचे दिवस आणि राखीव दिवस दोन्ही कापलेले असतात. नऊच दिवस मिळत असतील तर चंद्रताल किंवा पिन खोरे यांपैकी काहीतरी सोडावे, पण काझातली दुसरी रात्र कापू नये.

राखीव दिवस किती ठेवायचे, याचे उत्तर नकाशातच आहे. काझाला पोहोचल्यावर कुंझुम बंद झाली, तर परतीसाठी पुन्हा किन्नौरचा रस्ता धरावा लागतो, आणि काझाहून त्या बाजूने चंदीगड गाठायला दोन पूर्ण दिवस लागतात. ठरलेल्या बेतात मनालीमार्गे जेवढा वेळ धरला असेल, त्याहून हा वेळ अधिक भरू शकतो. म्हणून परतीच्या विमानाआधी किमान एक, आणि पावसाळ्यात दोन दिवस मोकळे ठेवावेत. ते दिवस वापरावे लागले नाहीत, तर मनालीत किंवा तीर्थनच्या खोऱ्यात निवांत घालवता येतात.

पैसे, इंधन आणि परवाने

मनाली सोडल्यानंतर काझापर्यंत पेट्रोल पंपाचा भरवसा धरू नये. किन्नौरच्या बाजूने येताना रेकाँग पिओच्या परिसरात टाकी पूर्ण भरून घ्यावी. काझात एटीएम आहे, पण त्यात रोकड असेलच असे नाही, आणि नेटवर्क गेले की यूपीआयही चालत नाही. त्यामुळे संपूर्ण स्पितीचा खर्च रोखीने, लहान नोटांसह, जवळ ठेवावा. मोबाइलला काझात बहुधा रेंज मिळते, वरच्या गावांत ती येते-जाते आणि बातल-चंद्रतालकडे मिळत नाही असेच धरावे. घरच्यांना तसे आधी सांगून ठेवले, म्हणजे एक दिवस फोन लागला नाही तर ते काळजी करणार नाहीत.

भारतीय नागरिकांना स्पितीसाठी परवाना लागत नाही. अमेरिका-इंग्लंडहून सुट्टीवर आलेल्या नातेवाइकांना बरोबर नेताना मात्र चूक होते. परदेशी पासपोर्ट असलेल्यांना, त्यांच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) कार्ड असले तरी, किन्नौर आणि काझा यांच्यामधल्या सीमेलगतच्या पट्ट्यासाठी परवाना काढावा लागतो. तो रेकाँग पिओला मिळतो, पण सरकारी सुट्टीच्या दिवशी तेथे पोहोचल्यास एक दिवस वाया जातो. तिथे पोहोचण्याचा वार आधीच पाहून ठेवावा.

गावात राहताना

होमस्टेमध्ये राहणे हा या प्रवासातला सर्वांत चांगला भाग आहे, असे मला मनापासून वाटते, पण तेथे हॉटेलची अपेक्षा घेऊन जाणाऱ्यांची निराशा होते. स्पितीत पाणी म्हणजे वितळलेला बर्फ. कालव्यांनी तेच पाणी वाटाण्याच्या आणि जवाच्या शेतांना जाते, आणि बर्फ कमी पडलेल्या वर्षी गावाचे पीकच धोक्यात येते. अशा ठिकाणी रोज गरम पाण्याच्या अंघोळीचा आग्रह धरू नये. अनेक घरांत कोरडे शौचालय असते: वरच्या खोलीतल्या जमिनीला एक भोक, शेजारी माती किंवा राखेचा ढीग आणि त्यात खोवलेले फावडे. वापरून झाल्यावर दोन फावडी माती खाली टाकायची आणि पाणी मुळीच ओतायचे नाही, कारण खाली साठलेले खत वसंतात शेतात जाते आणि पाण्याने ते बिघडते. प्लास्टिक किंवा सॅनिटरी पॅड त्यात टाकले, तर ते घरच्या माणसांना हाताने वेचावे लागते. असा कचरा पिशवीत बांधून खाली शहरापर्यंत परत न्यावा.

लांग्झाच्या परिसरात मुले जीवाश्म विकायला आणतात. ते विकत घेऊ नयेत आणि स्वतःही वेचू नयेत. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या टेथिस समुद्राच्या त्या खुणा दर मोसमात कमी होत चालल्या आहेत. मुलांना काही द्यायचेच असेल, तर त्यांच्या घरी जेवावे किंवा राहावे, म्हणजे पैसे घराच्या हाती जातात.

काझाहून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी होमस्टेच्या मालकांना आणि टॅक्सी स्टँडवर कुंझुमची स्थिती विचारावी. दोन्हीकडचे उत्तर जुळले नाही, तर सकाळी लोसरच्या चौकीवर पुन्हा विचारून मगच खिंड चढायला सुरुवात करावी.