टेलविंडचं एक्स्टेन्शन: शनिवारी येण्याआधी

शनिवारी कॉलेज रोडच्या ऑफिसात सिंहस्थासाठीच्या होमस्टेच्या साइटला हात घालायचाय. लॅपटॉप आदल्या रात्रीच तयार ठेवा. व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर) आणि नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) असेलच. एनपीएम इन्स्टॉल, म्हणजे प्रोजेक्टची पॅकेजेस उतरवणारी कमांड, घरूनच चालवून या, एका हॉटस्पॉटवर सगळ्यांनी तो उद्योग नको.

टेलविंड म्हणजे साइट सजवायच्या तयार सीएसएस क्लासांचं फ्रेमवर्क. ते क्लास व्हीएस कोडमध्ये सुचवणाऱ्या एक्स्टेन्शनचं नाव टेलविंड सीएसएस इंटेलिसेन्स, प्रकाशक टेलविंड लॅब्स. नावं सारखी दिसतात, प्रकाशक बघून घ्या.

आता क्विक सजेशन्स, म्हणजे टाइप करताना आपोआप येणाऱ्या सूचना. सेटिंग्जमध्ये हे शोधा, स्ट्रिंग्जसमोर (अवतरणचिन्हांतला मजकूर) ऑफ असेल, ते ऑन करा. आत्ता करा, पुढचं नंतर वाचा. मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं आणि अख्खी सकाळ एक्स्टेन्शन काढ-घाल करण्यात गेली. फसवं आहे ते. क्लासवर माउस नेला की त्याचं सीएसएस दिसतं, अवतरण उघडलं की यादीही येते, म्हणून वाटतं लागलं. पण यादी एकदा मिटली की पुढे कितीही अक्षरं बडवा, काही उगवत नाही. कारण स्ट्रिंगमध्ये टाइप करताना व्हीएस कोड आपणहून सुचवत नाही, आणि आपले क्लास तर सगळे अवतरणातच. कंट्रोल-स्पेसने यादी येते, पण दिवसभर कोण दाबत बसणार? स्ट्रिंग्ज ऑन. आणि ते वर्कस्पेस टॅबमध्ये करा, म्हणजे डॉट-व्हीएसकोड फोल्डरातून गिटवर जाईल. तो फोल्डर गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींची यादी) नाही ना, तेही बघा. नाहीतर स्ट्रिंग्ज फक्त तुमच्याकडेच ऑन.

आपल्याकडे टेलविंडची आवृत्ती 4 आहे, जानेवारी 2025 मध्ये आलेली. तिला कॉन्फिग फाइल लागत नाही. एक्स्टेन्शन सीएसएसमधली टेलविंडच्या इम्पोर्टची ओळ बघतं. आवृत्ती 3 चे जुने व्हिडिओ बघून कॉन्फिग फाइल बनवत बसू नका.

सीएसएसमध्ये टेलविंडचे क्लास वापरायच्या ॲट-अप्लायखाली पिवळी रेघ आली तर ओळ खोडू नका! फाइल असोसिएशन्समध्ये सीएसएस फाइलींसमोर टेलविंडसीएसएस लिहा, रेघ जाते.

प्रिटिअर (कोड नीट मांडून देणारं साधन) वापरत असाल तर टेलविंडचा प्लगइन त्याच्या प्लगइनच्या यादीत शेवटी. बाकी थीम, फॉन्ट तुमचं तुम्ही.

तरी चालेना तर विंडो रीलोड, मग आउटपुटमध्ये टेलविंड निवडून काय लिहिलंय ते वाचा. फोन त्यानंतर.