धडधड दिसायच्या आधीचे दिवस: आयपीएसपासून हृदयाच्या पेशी करताना

आयपीएस पेशींपासून (म्हणजे मोठ्या माणसाच्या साध्या पेशी मागे नेऊन केलेल्या, कोणतीही पेशी बनू शकणाऱ्या मूळपेशी) हृदयाच्या स्नायूपेशी करायला घेतल्या की सगळ्यांचं लक्ष केमिकलवर असतं, पण मी म्हणेन आधी गर्दी बघा. मॅट्रिजेल (पेशी चिकटून राहाव्यात म्हणून लावायचा जेलीसारखा थर) लावलेल्या वेलचा, म्हणजे प्लेटमधल्या छोट्या खळग्याचा, तळ पेशींनी जवळजवळ पूर्ण झाकलेला हवा, मगच सुरुवात करा. विरळ असतील तर केमिकल दिल्यावर मरतात, फारच दाटल्या तर नीट बदलत नाहीत, माझ्या पहिल्या काही बॅच इथेच गेल्या.

दिवस ० ला आरपीएमआय मीडियम (पेशी वाढवायचं द्रव), इन्सुलिन नसलेलं बी२७ (त्यात घालायचं पोषक मिश्रण) आणि सीएचआयआर९९०२१ हे केमिकल. याने विंट सिग्नल, म्हणजे पेशीने पुढे काय बनायचं हे ठरवणारा एक संदेश, चालू होतो. डोस साधारण ६ ते १२ मायक्रोमोलर, पण तुमच्या सेल लाइनला नेमका किती लागतो ते वेगवेगळ्या वेलमध्ये लावून तुम्हीच काढा, दुसऱ्याचा आकडा उचलू नका. २४ तासांनी मीडियम बदला, बऱ्याच मेलेल्या पेशी तरंगताना दिसतील, घाबरू नका. दिवस ३ ला ५ मायक्रोमोलर आयडब्ल्यूपी२ हे दुसरं केमिकल, म्हणजे तोच सिग्नल आता बंद, गर्भातही हृदय असंच घडतं म्हणून ही वेळ अजिबात चुकवायची नाही. दिवस ५ ला ते काढायचं आणि इन्सुलिनवालं बी२७ थेट दिवस ७ ला, कारण सुरुवातीला इन्सुलिन पेशींना हृदयाकडे वळू देत नाही.

आता खरा अभ्यास. रोज एक जादा वेल आरएनएसाठी राखून ठेवा, म्हणजे त्या दिवशी कोणती जनुकं चालू आहेत ते मोजता येतं. पहिल्या एक-दोन दिवसांत ब्रॅक्युरी, मागोमाग एमईएसपी१, पाचव्या-सातव्या दिवसाच्या आसपास एनकेएक्स२-५ आणि मग ट्रोपोनिन टी (हृदयाच्या स्नायूचं प्रथिन), असा या जनुकांचा क्रम दिसायला हवा. नुसतं शेवटी ट्रोपोनिन मोजलं तर गाडी कुठे अडली ते कळतच नाही.

धडधड साधारण ८ ते १२ दिवसांत दिसते, आणि खरं सांगते, कितीही वेळा बघितली तरी अंगावर काटा येतो. व्हिडिओ ३७ डिग्रीलाच घ्या, डिश गार झाली की ठोके मंदावतात आणि तुलना बिघडते. इतर पेशी मिसळल्या असतील तर ग्लुकोज काढून लॅक्टेट द्या, हृदयाच्या पेशी त्यावर तगतात, बाकीच्या बहुतेक मरतात.

पण धडधडली म्हणजे मोठी झाली असं नाही हं, या पेशी अजून गर्भातल्यासारख्याच असतात, गोलसर, सार्कोमिअरची (स्नायू आकसवणाऱ्या सगळ्यात छोट्या एककाची) लांबी १.६ मायक्रोमीटरच्या आसपास, मोठ्या माणसाच्या हृदयात ती २.२ च्या जवळ असते. म्हणून डिश टाकून देऊ नका, दिवस ३० ला आणि ६० ला अल्फा-ॲक्टिनिनचा (सार्कोमिअरच्या कडेच्या प्रथिनाचा) स्टेन करून, म्हणजे ते रंगवून, पट्ट्यांमधलं अंतर मोजा.